'अतातुर्क' : तुर्कस्तानातलं असं आडनाव, जे कायद्याने फक्त एकाच माणसाला मिळालं

तुर्कस्तानात गेलात तर 'अतातुर्क' हे नाव तुमची पाठ सोडत नाही. विमानतळ, धरण, पूल, स्टेडियम, शाळा, प्रत्येक शहरातला मुख्य रस्ता, सगळीकडे तेच. खिशातली लिराची कुठलीही नोट काढा, त्यावर त्याच माणसाचा चेहरा. पण साडेआठ कोटींच्या या देशात 'माझं आडनाव अतातुर्क' असं सांगणारा एकही माणूस सापडणार नाही.

आडनावं दुर्मीळ होण्याची कारणं सहसा साधी असतात. घराणं लहान असतं, मुलगे होत नाहीत, कुणी नाव बदलतं. या आडनावाची गोष्ट वेगळी आहे. ते एका कायद्याने जन्माला आलं आणि दुसऱ्या कायद्याने बाकी सगळ्यांसाठी बंद झालं. ते वापरणारा माणूस एकच होता आणि त्यानेही ते चार वर्षांना चौदा दिवस कमी, एवढाच काळ वापरलं.

हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नव्वद वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक तुर्की माणसांना आडनावच नव्हतं.

आडनाव नव्हतं तेव्हा काय होतं?

उस्मानी साम्राज्यात माणसाला स्वतःचं नाव असे आणि सोबत ओळख पटवणारं काहीतरी. कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, धंदा काय, अंगात खोड काय. मुलगा या अर्थी तुर्की शब्द आहे 'ओलू'. बड्या घराण्यांत त्याऐवजी फारसी 'झादे' लावत, म्हणजे शहजाद्यातला 'जादा'. गावावरून ओळख सांगायची तर 'ली' हा प्रत्यय. आपल्याकडे सातारकर, तसा तिकडे इझ्मिरचा तो इझ्मिरली. धंदा सांगायला 'जी' किंवा 'ची'. लोखंडाला तुर्कीत 'देमिर' म्हणतात, म्हणून लोहार तो देमिरजी. पाव भाजणारा एकमेकची.

हा 'ची' मराठी माणसाला अजिबात परका नाही. मशालची, तबलची, खजानची, तोपची या शब्दांच्या शेवटी जो 'ची' आहे तो हाच. तुर्कीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. तुर्कस्तानात 'तोपचू' हे आजही आडनाव आहे.

वर हुद्द्याच्या उपाध्या वेगळ्याच. शिकलेला माणूस एफेंदी, प्रतिष्ठित तो बे, सेनापती तो पाशा, बाई असेल तर हानिम. गावात एवढ्यावर भागायचं. भागायचं नाही ते सरकारचं. सैन्यभरती, करवसुली, जमिनीची नोंद, शाळेचा पट, जिथे तिथे ढिगाने मेहमेत आणि अहमेत. त्यातला नेमका कोणता मेहमेत, हे कागदावरून ठरवणं अवघड होतं.

खुद्द अतातुर्कचं नावही असंच जमत गेलं. १८८१ मध्ये सलोनिकात, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेसालोनिकीत, तो जन्मला तेव्हा नाव नुसतं मुस्तफा. लष्करी शाळेत गणिताचे मास्तरही मुस्तफाच निघाले. गोंधळ नको म्हणून मास्तरांनीच या हुशार पोराला 'केमाल' हे दुसरं नाव दिलं, अशी गोष्ट सांगतात. केमाल म्हणजे परिपूर्णता. पुढे पाशा लागलं. १९२१ मध्ये साकार्याच्या लढाईनंतर संसदेने 'गाझी' ही पदवी दिली. झालं गाझी मुस्तफा केमाल पाशा. एवढ्या लांबलचक नावात आडनाव मात्र कुठेच नाही.

१९३४ : आडनाव घ्या, मुदत दोन वर्षं

१९२३ मध्ये प्रजासत्ताक आलं आणि बदलांचा सपाटा सुरू झाला. १९२४ मध्ये खिलाफत गेली, १९२५ मध्ये फेझ टोपी गेली, १९२६ मध्ये स्विस धर्तीवरचा नागरी कायदा आला, १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. या रांगेत २१ जून १९३४ ला आडनावांचा कायदा मंजूर झाला. क्रमांक २५२५. तो २ जानेवारी १९३५ पासून लागू झाला आणि लोकांना आडनाव नोंदवायला दोन वर्षांची मुदत होती. १९३५ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६१ लाख भरली. एवढ्या लोकांनी दोन वर्षांत स्वतःला नवं नाव लावायचं होतं.

कायदा छोटा होता, पण प्रत्येक वाक्याला धार होती. प्रत्येकाने आडनाव घ्यायचंच. बोलताना, लिहिताना, सही करताना आधी स्वतःचं नाव आणि मग आडनाव. हा क्रम मुद्दाम सांगावा लागला, कारण जुन्या पद्धतीत घराण्याची ओळख आधी यायची. आडनाव निवडायचा हक्क कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचा. हुद्दा, टोळी, परकी जात किंवा परकं राष्ट्र दाखवणारी नावं चालणार नाहीत. अश्लील आणि हास्यास्पद नावंही चालणार नाहीत.

पाठोपाठ २६ नोव्हेंबर १९३४ च्या आणखी एका कायद्याने एफेंदी, बे, पाशा, हानिम या उपाध्या रद्द केल्या. हा कायदा लोकांनी किती पाळला? आजही तुर्की ऑफिसात साहेबाला 'अहमेत बे' आणि बाईंना 'आयशे हानिम' असंच म्हणतात. तेही आडनावाने नाही, पहिल्या नावाने.

भारतीयांनाही या कायद्याची फारशी फिकीर नव्हती. जुन्या मराठी लिखाणात हा माणूस शेवटपर्यंत 'केमालपाशा'च राहिला. नझरुल इस्लाम यांनी १९२१ मध्ये बंगालीत त्याच्यावर कविता लिहिली, तिचंही नाव 'कमाल पाशा'. म्हणजे जी उपाधी त्याच्याच राजवटीत रद्द झाली, तिनेच आपण त्याला ओळखत होतो. दिल्लीतल्या रस्त्याला मात्र 'केमाल अतातुर्क मार्ग' असं कायद्यातलं नाव आहे.

मग 'अतातुर्क' आलं कुठून?

सगळ्या देशाने आडनाव घ्यायचं तर राष्ट्राध्यक्षालाही हवंच. भाषाशुद्धीची चळवळ तेव्हा जोरात होती. अरबी-फारसी शब्द काढून जुने तुर्की शब्द शोधण्याचं काम खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर चाले. याच वर्तुळात आडनावाची चर्चा झाली. आधी 'तुर्कअता' असं रूप पुढे आलं, मग शब्दांची अदलाबदल होऊन 'अतातुर्क' ठरलं, असं सांगितलं जातं. हे नाव सुचवण्याचं श्रेय एकापेक्षा जास्त लोकांना दिलं जातं. त्यातलं एक नाव आहे आगोप मार्तायान या अर्मेनियन भाषातज्ज्ञाचं. त्यांच्याकडे परत यायचंच आहे.

२४ नोव्हेंबर १९३४ ला संसदेने २५८७ क्रमांकाचा कायदा केला. मजकूर असा की, केमाल हे स्वतःचं नाव असलेल्या आपल्या राष्ट्राध्यक्षांना 'अतातुर्क' हे आडनाव देण्यात आलं आहे. त्यात 'मुस्तफा' नाही. शुद्धीकरणाच्या भरात पुढे काही काळ 'केमाल'सुद्धा बदललं. केमाल हा अरबी शब्द, म्हणून १९३५ च्या ओळखपत्रावर 'कामाल' छापलं गेलं आणि तो मूळ तुर्की शब्द असून त्याचा अर्थ किल्ला, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. नंतर गुपचूप 'केमाल' परत आलं.

अर्थ सगळीकडे 'तुर्कांचा पिता' असा सांगतात. तो चूक नाही, पण थोडा कमी पडतो. रोजच्या तुर्कीत बापाला 'बाबा' म्हणतात. 'अता' म्हणजे पूर्वज, कुळातला वडीलधारा. मुघल इतिहास वाचणाऱ्यांनी 'अतालीक' हा शब्द पाहिला असेल. लहान राजपुत्राचा पालक आणि शिक्षक तो अतालीक. अकबराचा अतालीक बैरामखान होता. त्या शब्दातला 'अता' हाच.

बहिणीलाही नाही, मुलीलाही नाही

नाव देऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात १७ डिसेंबर १९३४ ला २६२२ क्रमांकाचा कायदा आला. 'अतातुर्क' हे नाव त्या एका व्यक्तीपुरतंच आहे. दुसऱ्या कुणी ते पहिलं नाव म्हणून घ्यायचं नाही, आडनाव म्हणूनही नाही. त्याच्या मागेपुढे शब्द जोडून पळवाटही काढायची नाही.

आडनावाचा कायदा म्हणतो, एका कुटुंबाचं एक आडनाव. इथे देशाच्या प्रमुखाचं आडनाव त्याच्या कुटुंबालाच मिळालं नाही. सख्खी बहीण मकबुले हिने 'अतादान' हे आडनाव घेतलं. अर्थ 'अतापासून आलेली', म्हणजे नात्याची खूण राहिली पण नाव वेगळं. पत्नी लतिफे यांच्याशी घटस्फोट १९२५ मध्येच झाला होता, तेव्हा आडनावच नव्हतं. स्वतःचं मूल नव्हतं. दत्तक मुली होत्या, त्यांच्यापैकी कुणालाही हे आडनाव मिळालं नाही.

त्यातल्या सबिहाला त्याने 'गोकचेन' हे आडनाव दिलं. 'गोक' म्हणजे आकाश. गंमत म्हणजे तेव्हा ती विमानात बसलेलीही नव्हती. विमानविद्येची शाळा उघडली ती १९३५ च्या मे महिन्यात. पुढे ती लष्करी वैमानिक झाली आणि इस्तंबूलच्या आशियाई बाजूच्या विमानतळाला आज तिचंच नाव आहे. स्वस्त तिकिटावर इस्तंबूलला उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या बोर्डिंग पासवर 'सबिहा गोकचेन' असतं ते यामुळे.

१० नोव्हेंबर १९३८ ला अतातुर्कचा मृत्यू झाला आणि हे आडनाव लावणाऱ्यांची संख्या एकवरून शून्यावर आली. ती आजही शून्यच आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर कुणी 'अमुक अतातुर्क' दिसलाच, तर ते हौसेने लावलेलं टोपणनाव समजायला हरकत नाही. तुर्की ओळखपत्रावर ते येऊ शकत नाही.

बाकीच्यांनी काय घेतलं?

मोठ्या लोकांना नावं वरून मिळाली. पंतप्रधान इस्मेत यांनी १९२१ मध्ये इनोनू या ठिकाणी ग्रीक सैन्याला रोखलं होतं, म्हणून अतातुर्कने त्यांना 'इनोनू' हे आडनाव दिलं. युद्धाच्या जागेचं नाव आडनाव म्हणून, तेही नातवंडांपर्यंत.

सामान्य माणूस नोंदणी कार्यालयात जायचा. सरकारने आणि वर्तमानपत्रांनी नावांच्या याद्या छापल्या होत्या, त्यातलं एखादं उचलायचं. काहींनी धंदा लावला, काहींनी बापाचं नाव. बऱ्याच जणांना कारकुनाने सुचेल ते मिळालं. एकाच आईबापाचे दोन भाऊ वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कार्यालयांत गेले आणि दोन आडनावं घेऊन परत आले, असेही किस्से घराघरात आहेत. आज तुर्कस्तानात एक आडनाव असलेली दोन माणसं नातेवाईक असतीलच असं नाही, आणि चुलत भाऊ असूनही आडनावं वेगळी असू शकतात, ते या धांदलीमुळे.

यादीतून नाव उचलायचं म्हटल्यावर माणूस भारदस्तच उचलणार. देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे 'यिल्माझ', म्हणजे न डगमगणारा. त्यानंतर 'काया', म्हणजे खडक, आणि 'देमिर', म्हणजे लोखंड. शाहिन म्हणजे ससाणा, आर्सलान म्हणजे सिंह, यिल्दिझ म्हणजे तारा, हेही वरच्या क्रमांकांत. एखाद्या तुर्की वर्गाची हजेरी घेतली तर किल्ल्यावरच्या फौजेची यादी वाचल्यासारखं वाटावं. रेआल माद्रिदच्या अर्दा ग्युलेरचं आडनाव मात्र सगळ्यांत गोड. 'ग्युलेर' म्हणजे हसतो.

'अतातुर्क'ला बंदी असली तरी 'तुर्क' या शब्दाला नव्हती. 'ओझतुर्क', म्हणजे अस्सल तुर्क, हे देशातल्या सगळ्यात सामान्य आडनावांपैकी एक आहे. दोन अक्षरांच्या फरकावर एक आडनाव गल्लोगल्ली आणि दुसरं कुणाचंच नाही.

ज्यांची नावं गेली

आतापर्यंतची गोष्ट मजेशीर वाटली असेल. पण जो कायदा एका माणसाला देशातलं सगळ्यात मानाचं नाव देत होता, तोच कायदा दुसऱ्यांच्या नावांवरून बोळा फिरवत होता.

डिसेंबर १९३४ च्या नियमावलीत काही प्रत्ययांची यादीच होती. अर्मेनियन 'यान', स्लाव्ह 'ओफ', 'एफ', 'विच', ग्रीक 'इस', 'पुलोस', 'आकी', फारसी 'झादे', अरबी 'बिन'. हे प्रत्यय लावून नवं आडनाव घेता येणार नव्हतं. 'झादे'चा फटका तुर्की खानदानांनाही बसला. 'अश्क-इ मेमनू' ही कादंबरी लिहिणारे हालित झिया हे उशाकीझादे घराण्यातले. या कादंबरीवरची मालिका अलीकडे जगभर गाजली. ते 'उशाक्लीगिल' झाले. अर्थ तोच, उशाकवाल्यांच्या घरातले. फक्त प्रत्यय फारसी होता तो तुर्की झाला.

तुर्की घराण्यासाठी हा कपडे बदलण्याइतकाच प्रकार होता. अर्मेनियन माणसाचं तसं नव्हतं. 'यान' हा त्याच्या अर्मेनियन असण्याचा शिक्का, आणि १९१५ च्या संहाराला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. ज्यांची आडनावं आधीपासून नोंदलेली होती अशा काही कुटुंबांकडे, विशेषतः इस्तंबूलमध्ये, 'यान' टिकलं. आजचे प्रसिद्ध शब्दव्युत्पत्तीकार सेवान निशान्यान यांच्या आडनावात ते दिसतं. अनेकांचं गेलं. वर ज्यांचा उल्लेख आला ते आगोप मार्तायान यांना अतातुर्ककडून 'दिलाचार' हे आडनाव मिळालं. 'दिल' म्हणजे भाषा, 'आचार' म्हणजे उघडणारा. तुर्की भाषेची सेवा करणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती नाही, असंही म्हणता येतं. पण त्यातून मार्तायान दिसत नाही, हेही खरंच.

कुर्दांचं दुखणं आणखी खोल. त्यांची ओळख टोळीवरून, आणि टोळीची नावं तर कायद्याच्या कलमातच बाद. शिवाय कुर्दी भाषेत लागणारी इंग्रजी क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं १९२८ च्या तुर्की लिपीत घेतलीच नव्हती. म्हणजे कुर्दी नाव नोंदवायला अक्षरच नाही. कुर्द कुटुंबांना यादीतली तुर्की नावं चिकटली. मार्दिनचे महापौर म्हणून पुन्हा पुन्हा निवडून आलेले ज्येष्ठ कुर्द नेते आहेत अहमेत तुर्क. २००९ मध्ये त्यांनी संसदेत कुर्दी भाषेत भाषण करून खळबळ उडवली होती. कुर्द हक्कांसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाचं आडनाव 'तुर्क' आहे.

आडनावाखाली काय झाकलेलं असू शकतं याची चुणूक २००४ मध्ये दिसली. इस्तंबूलच्या 'आगोस' या साप्ताहिकाने बातमी दिली की सबिहा गोकचेन या मुळात अर्मेनियन अनाथ मुलगी होत्या. हा दावा वादग्रस्त आहे, तो अनेकांनी फेटाळला. पण सैन्याच्या मुख्यालयाने त्यावर निवेदन काढावं एवढा गदारोळ झाला. साप्ताहिकाचे संपादक ह्रांत दिंक यांच्याविरुद्धचं वातावरण तेव्हापासून तापत गेलं आणि १९ जानेवारी २००७ ला ऑफिसच्या दारात त्यांचा खून झाला.

हा कायदा आजही आहे का?

हो. थोडा सैल झालाय, पण आहे. परकी जात आणि राष्ट्र दाखवणाऱ्या आडनावांवरची बंदी घटनेला धरून नाही, असं म्हणणारं प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं होतं. तुर्की आडनाव सोडून सिरियॅक ख्रिस्ती आडनाव घ्यायचं होतं, असा तो खटला होता. २०११ मध्ये न्यायालयाने बंदी कायम ठेवली. कुर्दी अक्षरांचा प्रश्न स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही पोचला, पण २०१० मध्ये निकाल तुर्कस्तानच्या बाजूने लागला. ती अक्षरं वापरण्याबद्दलची शिक्षा २०१४ मध्ये रद्द झाली.

बायकांची लढाई वेगळी. लग्न झालं की नवऱ्याचं आडनाव लावायचंच, हा नियम नागरी कायद्यात होता. एका महिला वकिलाने तो स्ट्रासबर्गला नेला आणि २००४ मध्ये जिंकली. तरी देशातला कायदा जागचा हलला नाही. शेवटी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या घटनात्मक न्यायालयाने ते कलम रद्द केलं आणि हा निर्णय २८ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

कारकुनाने दिलेल्या विचित्र आडनावांचे बळी अजून आहेत. अश्लील अर्थाचं, चुकीच्या स्पेलिंगचं किंवा हसू येईल असं आडनाव बदलायला पूर्वी कोर्टाची पायरी चढावी लागायची. २०१७ च्या कायद्याने ते काम नोंदणी कार्यालयातच करण्याची मुभा दिली.

आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने आपल्या 'ए-देवलेत' या पोर्टलवर वंशावळीची सेवा सुरू केली. ओळखक्रमांक टाका आणि १९३४ च्या आधीच्या, काही घराण्यांत थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या पूर्वजांची नोंद पाहा. लाखो लोक एकदम तुटून पडले आणि काही तासांत पोर्टल कोसळलं. सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली. परत सुरू झाल्यावर लोकांनी आपापल्या वंशावळीचे स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली. कुणाचा पणजोबा बाल्कनातून आलेला निघाला, कुणाचा कॉकेशसमधून. काहींना तिथे अर्मेनियन पणजी भेटली, जिच्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं.